फोन हातात घेतला की मगच नोटिफिकेशन धडाधड येतात, आणि दुरुस्त केलं तरी महिन्याभरात पुन्हा तेच

आमच्या घरी सकाळचा चहा एका ॲपच्या हातात आहे. आईला थायरॉइडची गोळी चालू आहे. ती उपाशीपोटी घ्यायची आणि मग निदान अर्धा तास चहा नाही. सहाला फोनवर आठवण वाजली तर साडेसहाला आधण चढतं. वाजली नाही तर आई पूजेची तयारी करत बसते, सातला तिच्या लक्षात येतं, चहा साडेसातवर जातो. आईच्या आधी चहा घ्यायचा नाही हा बाबांचा जुना नेम, त्यामुळे तेही पेपर तोंडासमोर धरून घुम्यासारखे बसून राहतात. गेल्या वर्षात अशा सकाळी इतक्या झाल्या की शेवटी मी या प्रकरणाच्या मुळाशी जायचं ठरवलं. जे सापडलं ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या घरी हाच घोळ आहे त्यांना उपयोग होईल.

आधी लक्षण नीट सांगते, कारण 'नोटिफिकेशन येत नाही' एवढ्यावरून काही कळत नाही. आईच्या फोनवर आठवण येत नव्हती असं नाही. यायची. पण सात वाजता वेळ बघायला तिने फोन उचलला की त्याच क्षणी टुंग, 'सहाची गोळी घ्या.' पाठोपाठ पुण्याहून भाच्याने रात्री पाठवलेले फोटो, बँकेचा एक मेसेज, भिशीच्या ग्रुपवरची दहा-बारा सुप्रभातं. सगळं एका दमात. तुमचंही असंच होत असेल तर पुढचं वाचा. मी सेटिंग बदलायचे, दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत चालायचं, आणि मग एका सकाळी पुन्हा साडेसातचा चहा.

मी इंदूरच्या रामबागेत राहते, घरूनच हिशेबाची कामं करते. म्हणजे बाकीच्यांच्या मते मी दिवसभर मोकळी असते, त्यामुळे नात्यातले आणि ओळखीचे असे सात-आठ फोन माझ्याकडे 'जरा बघ गं' म्हणून येतात. त्यातला एक आमच्या काकूंचा. त्या आता मुलाकडे, बायपासच्या एका टाउनशिपमध्ये राहायला गेल्या आहेत. तिथे पाहुणा आला की फाटकावरचा गार्ड ॲपवर कळवतो आणि काकूंनी होकार दिल्यावरच आत सोडतो. मे महिन्यात भर दुपारी दीड वाजता मी त्या फाटकावर पंधरा मिनिटं उभी होते. काकू घरातच होत्या, फोन त्यांच्या शेजारी होता, पण वाजला नाही. काकूंच्या फोनचं दुखणं मात्र वेगळं निघालं, त्याबद्दल नंतर.

आईचा निकाल तयारच होता: "ॲपच बेकार आहे, काढून टाक." मी दोनदा काढलंही. पुन्हा टाकलं आणि चकित झाले, कारण ते लगेच नीट चालायला लागलं. इथेच बहुतेक लोक फसतात. काढून पुन्हा टाकणं हा उपाय 'लागू पडतो', निदान काही दिवस, आणि मग आपण दर महिन्याला तोच करत राहतो. तो का लागू पडतो आणि का टिकत नाही हे कळलं की अर्धं काम झालं. शिवाय प्रत्येक वेळी गोळ्यांची यादी नव्याने भरावी लागते ते वेगळंच.

आधी रोग ओळखा

चाचणी करण्यात सगळेच चुकतात, मीही चुकत होते. दोन मिनिटांनंतरची आठवण लावायची, फोनकडे टक लावून बसायचं, ती वाजली की 'झालं' म्हणून उठायचं. ही परीक्षा कुठलाही फोन पास होतो. स्क्रीन चालू आहे, फोन हातात आहे, मालक बघतो आहे. अशा वेळी तो सगळ्या ॲपांशी सौजन्यानेच वागतो. खरी चाचणी अशी: फोन चार्जरवरून काढा, टेबलावर पालथा ठेवा, दीड तासानंतरची आठवण लावा आणि तोवर त्याला हात लावू नका. मेसेजच्या ॲपची तक्रार असेल तर कोणाला तरी सांगून ठेवा की दीड तासाने एक मेसेज टाक. दुसऱ्या दिवशी हीच चाचणी फोन चार्जरला लावून करा.

चार्जरवर वेळेत आलं आणि सुटा ठेवल्यावर उशिरा आलं, तर बहुधा बॅटरी वाचवणारी यंत्रणा मध्ये येते आहे. दोन्ही वेळा काहीच आलं नाही तर परवानगीचं प्रकरण. वेळेवर आलेलं दिसतं पण आवाज झाला नाही, तर तिसरंच काही.

आणि या सगळ्याच्याही आधी शेजाऱ्याला विचारा की तुमचं चालू आहे का. २५ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीतल्या सूर्यग्रहणाच्या दिवशी, भर दुपारी व्हॉट्सॲप जवळजवळ दोन तास बंद होतं, इथेच नव्हे, इतर देशांतही. अशा वेळी आपल्या फोनची सेटिंग्ज उकरणं म्हणजे गावाची लाइट गेलेली असताना घरातला फ्यूज बदलणं. त्याहून फसवं उदाहरण २०२१ च्या मार्चमधलं. अँड्रॉइड फोनांवर कितीतरी ॲपं उघडताक्षणी मिटायला लागली. लोकांनी त्या त्या ॲपला शिव्या घातल्या. दोष त्यांचा नव्हताच. ॲपच्या आत वेबपान दाखवण्यासाठी अँड्रॉइडचा एक सामाईक भाग असतो, वेबव्ह्यू नावाचा. त्याचं एक अपडेट बिघडलेलं होतं. गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोमचं नवं अपडेट दिल्यावर ती ॲपं आपोआप ताळ्यावर आली. तेव्हा एकाच दिवशी तीन-चार ॲपं आजारी पडली तर त्या ॲपांना औषध देऊ नका.

काहीच येत नसेल तर

हे सोपं आहे, चटकन उरकते. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, नव्याने टाकलेल्या ॲपला नोटिफिकेशन दाखवण्यासाठी तुमची परवानगी मागावी लागते. दोनदा 'नको' म्हटलं की ते ॲप पुन्हा विचारूही शकत नाही. आईने दुसऱ्या एका ॲपला दोन्ही वेळा 'नको' म्हटलं होतं, आणि यात तिची चूक नाही. फोनवर फसवणूक करणाऱ्यांच्या भीतीने मीच तिला शिकवून ठेवलं होतं, काहीही विचारलं की नको म्हणायचं. तर ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ॲप इन्फो उघडा, नोटिफिकेशन्समध्ये जाऊन चालू करा.

येतं पण आवाज नाही, असं असेल तर त्याच ठिकाणी खाली बघा. अँड्रॉइड ८ पासून, २०१७ पासून, एकाच ॲपच्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार करता येतात: जाहिराती वेगळ्या, आठवणी वेगळ्या, मेसेज वेगळे. प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे बंद होतो. एखादं नोटिफिकेशन सरकवताना बोट जरा जास्त वेळ टेकलं की 'सायलेंट' असा पर्याय समोर येतो आणि तिथे चुकून हात लागतो. तुम्ही एकदा आवाज बंद केलात की ॲपला तो स्वतःहून पुन्हा चालू करता येत नाही. रात्रीचा डू नॉट डिस्टर्ब सकाळी किती वाजता उठतो तेही बघा. एका मामींचा आठपर्यंत झोपत होता आणि आठवण सातची. आयफोन असेल तर २०२१ मध्ये आलेला फोकस हा प्रकार आणि नोटिफिकेशन साठवून ठरलेल्या वेळी गठ्ठ्याने देणारा 'शेड्यूल्ड समरी' हा प्रकार, हे दोन तपासा. गठ्ठ्याने येतं म्हणून माझ्या भावाची तक्रार होती आणि तो गठ्ठा त्याने स्वतःच कधीतरी चालू केलेला होता.

उशिराने, ढिगाने येत असेल तर

खरा घोळ इथे आहे.

२०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं, त्याच्यासोबत डोझ आलं. डोझ म्हणजे डुलकी, आणि नाव चपखल आहे. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि तो एका जागी निपचित पडला आहे, असं काही वेळ चाललं की फोन डुलकी घेतो. ॲपांचं इंटरनेट थांबवतो, त्यांची कामं पुढे ढकलतो, अधूनमधून थोडा वेळ डोळे किलकिले करून साठलेलं उरकू देतो, पुन्हा झोपतो. जितका वेळ पडून राहील तितकं हे डोळे उघडणं विरळ होत जातं. तुम्ही फोन उचलला की डुलकी संपली, आणि अडवून ठेवलेलं सगळं बदाबदा अंगावर. आईचा फोन रात्री दहापासून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात पडलेला असतो. सकाळी सहापर्यंत त्याला गाढ झोप लागलेली असणारच.

डुलकीतून उठवायची सोय ॲपवाल्यांना दिलेली आहे. तातडीचा मेसेज, घड्याळाचा गजर, ठरलेल्या मिनिटाला वाजणारी आठवण, यांच्यासाठी वेगळी वाट आहे. चांगल्या ॲपने ती वापरायची असते. काही वापरत नाहीत, त्यांना इलाज नाही, ती ॲपं खरंच बदला.

पण डुलकीपेक्षा जास्त नडणारी गोष्ट २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ सोबत आली. तेव्हापासून फोन बघत असतो की तुम्ही कुठलं ॲप किती वापरता, आणि त्याप्रमाणे ॲपांच्या पायऱ्या लावतो: आता वापरात असलेली, नेहमीची, अधूनमधूनची, क्वचितची. अँड्रॉइड १२ मध्ये सगळ्यात खाली आणखी एक पायरी आली, जवळजवळ बंदीतली. जितकी खालची पायरी तितकी मागे राहून काम करायची मुभा कमी. बॅटरीच्या दृष्टीने विचार बरोबर आहे. पण त्याचा परिणाम काय होतो बघा. दिवसातून चाळीस वेळा उघडलं जाणारं छोट्या व्हिडिओंचं ॲप कायम वरच्या पायरीवर, त्याच्या ताटात तूप. आणि गोळ्यांचं ॲप? ते चांगलं चालतं तेव्हा आई ते उघडतच नाही. आठवण वाजते, ती गोळी घेते, नोटिफिकेशन बोटाने बाजूला सारते, संपलं. महिनोन्‌महिने ते ॲप कोणी उघडून बघत नाही, म्हणून फोन ठरवतो की याची गरज दिसत नाही, आणि त्याचं पाणी तोडतो. घरात मुकाट्याने राबणाऱ्या बाईची जी गत होते तीच. बँकेचं ॲप, सिलिंडर बुक करायचं ॲप, फाटकाचं ॲप, सगळ्यांची हीच जात. लोक ज्यांना 'बेकार ॲप' म्हणतात त्यातली बरीचशी मला अशी उपाशी ठेवलेली आढळली.

आता कळेल की काढून पुन्हा टाकल्यावर ते का सुधारतं. नवं टाकलं, उघडलं, यादी भरली, चार दिवस कौतुकाने बघितलं; ते वरच्या पायरीवर गेलं. मग विश्वास बसला, बघणं थांबलं, आणि ते पुन्हा खाली घसरत गेलं.

तर करायचं असं. ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ॲप इन्फो, त्यात बॅटरी, तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. म्हणजे या ॲपला अडवू नकोस. गूगलच्या साध्या अँड्रॉइडमध्ये एवढ्याने बरंच भागतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच फोनांत कंपनीने स्वतःचा आणखी एक पहारेकरी बसवलेला असतो आणि त्याचं नाव दर कंपनीत निराळं. कुठे ऑटोस्टार्ट, कुठे बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी, कुठे स्लीपिंग ॲप्स आणि त्याखाली डीप स्लीपिंग ॲप्स अशी यादीच. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'बॅटरी' आणि 'स्टार्ट' असे शब्द टाकून शोधा. तुमचं ॲप झोपणाऱ्यांच्या यादीत असेल तर बाहेर काढा आणि आपोआप सुरू व्हायची मुभा द्या.

आठवण देणारं ॲप असेल तर तिसरी जागा विसरू नका, कारण मी विसरले होते. ॲप इन्फोमध्येच 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' नावाची एक परवानगी असते. ठरलेल्या मिनिटाला वाजण्यासाठी ती लागते. अँड्रॉइड १४ पासून, म्हणजे २०२३ पासून, नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपांना ती आपोआप मिळत नाही. नवा फोन घेतलात आणि जुन्यावरचं सगळं त्यावर उतरवलंत तरी ही परवानगी सोबत येत नाही. 'जुन्या फोनवर छान वाजायचं' ही तक्रार आली की मी पहिल्यांदा इथे बघते.

एक कळकळीची सूचना: ही खास वागणूक सगळ्या ॲपांना देऊ नका. आमच्या एका दादांनी उत्साहात चाळीसच्या चाळीस ॲपांना अनरिस्ट्रिक्टेड केलं आणि मग दुपारी तीनलाच बॅटरी संपते म्हणून फोन घेऊन आले. आईच्या फोनवर मी चारच ठेवली आहेत: गोळ्यांचं, मेसेजचं, बँकेचं आणि डॉक्टरांची वेळ घ्यायचं. बाकीची उशिराने बोलली तर घराला काही फरक पडत नाही.

मग परत का बिघडतं

एवढं सगळं केलं. तीन आठवडे साडेसहाचा चहा. आणि मग एका सोमवारी पुन्हा नाही.

यावेळी मी सेटिंग्जना हात लावला नाही. कालनिर्णयवर फुली मारली आणि दोन महिने फक्त फुल्या मारत राहिले. ॲप वगैरे राहू द्या, मला वाटतं या सगळ्या उद्योगात उपयोगी पडलेली गोष्ट ती भिंतीवरची पेन्सिलच. कारण आठवणीवर विसंबलं की आपल्याला वाटतं 'रोजच बिघडतं'. फुल्या बघितल्यावर दिसलं की रोज नाही. सात फुल्यांपैकी पाच सोमवारच्या होत्या.

सोमवारी असं काय घडतं? सोमवारी काहीच नाही. रविवारी संध्याकाळी बाबा दोन्ही फोन घेऊन बसतात आणि ते 'हलके' करतात. कधीकाळी जेल रोडवरच्या एका दुकानात फोन दाखवायला नेला होता, तिथल्या पोराने सांगितलं, "अंकल, हफ्ते में एक बार ये वाला बटन दबा दिया करो, फोन मक्खन चलेगा." तेव्हापासून बाबा श्रद्धेने तो बटन दाबतात. तो बटन एका 'क्लीनर' ॲपचा, आणि ते मागे चालणारी सगळी ॲपं सक्तीने बंद करत होतं. आणि सक्तीने बंद केलेल्या ॲपला अँड्रॉइडमध्ये एक कडक नियम आहे: मालक स्वतः उघडेपर्यंत ते उठू शकत नाही. त्याने लावलेल्या आठवणी रद्द होतात, बाहेरून आलेला निरोपही त्याला मिळत नाही. म्हणजे रविवारी रात्री गोळ्यांचं ॲप मेलेलं, सोमवारी सकाळी शांतता. मग मी तणतणत 'बघू काय झालं' म्हणून ते उघडायचे आणि माझ्या उघडण्यानेच ते जिवंत व्हायचं. मंगळवारपासून सगळं ठीक. माझ्या सगळ्या दुरुस्त्या अशा होत्या.

क्लीनर काढून टाकलं. बाबा दुखावले. रविवार संध्याकाळचं एक काम गेलं. त्यांना सांगितलं की फोन हलका करायचाच असेल तर सुप्रभाताचे फोटो पुसा, जागा त्यांनीच खाल्ली आहे. आता ते रविवारी तेच करतात आणि पुसण्याआधी प्रत्येक फोटो नीट बघतात.

याच जातीची आणखी एक सवय म्हणजे अलीकडची ॲपं दाखवणाऱ्या पडद्यावरून सगळी ॲपं वर भिरकावून टाकणं. काही कंपन्यांच्या फोनांत तसं भिरकावणं आणि सक्तीने बंद करणं यात फारसा फरक ठेवलेला नाही. सवय जात नसेल तर त्या पडद्यावर ॲपच्या चित्राला कुलूप लावायची सोय बऱ्याच फोनांत असते, ते लावा.

उरलेल्या दोन फुल्या. एक गुरुवारची. आदल्या रात्री फोनने स्वतःहून सिस्टिम अपडेट टाकलं होतं आणि तो पहाटे बंद होऊन पुन्हा चालू झाला होता. फोन असा नव्याने चालू झाला की तुम्ही एकदा पिन टाकून उघडेपर्यंत बहुतेक ॲपं कुलपाआडच असतात. घड्याळाचा गजर वाजेल अशी व्यवस्था असते, बाकीच्यांची खात्री नाही. आता आईच्या फोनचं रात्री आपोआप अपडेट होणं मी बंद केलं आहे, महिन्यातून एकदा दुपारी स्वतः करते आणि झालं की लगेच पिन टाकते. मोठ्या अपडेटनंतर पहारेकऱ्याची यादीही एकदा बघून घेते. काही फोनांत ती पुन्हा मूळपदावर येते.

शेवटच्या फुलीचं कारण शोधायला वेळ लागला. अँड्रॉइड ११ पासून, २०२० पासून, काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या फोन काढून घेतो. अँड्रॉइड १२ मध्ये त्यापुढे जाऊन असं ॲप गाढ निजवलंच जातं, मग त्याला तातडीचा निरोपही पोचत नाही. आणि 'वापरणं' म्हणजे काय याची फोनची व्याख्या बघा: नोटिफिकेशनवर बोट ठेवून ॲप उघडलं तर तो वापर, नोटिफिकेशन नुसतं बाजूला सारलं तर तो वापर नाही. आई रोज सारतच होती. ॲप इन्फोमध्ये सगळ्यात खाली, न वापरल्यास ॲप थांबवायचं का असा एक बटन असतो, तो बंद केला. आणि आईला सांगितलं, सारू नकोस, त्याच्यावर बोट ठेव आणि 'घेतली' म्हण. आई म्हणाली, "घेतली तर आहेच, फोनला कशाला सांगू?" मुद्दा बिनतोड होता, पण आता सांगते.

काकूंचा फोन, आणि ताऱ्यांबद्दल थोडं

काकूंच्या फोनवर बॅटरी, परवानगी, पहारेकरी सगळं ठीक होतं. दीड तासाच्या चाचणीत नोटिफिकेशन मिनिटाच्या आत आलं, फक्त मुक्याने. काकूंनी कबूल केलं: त्याच ॲपवर सोसायटीच्या कमिटीच्या सूचना दिवसभर येत, आज पाणी उशिरा, उद्या गरब्याची वर्गणी, परवा कोणाची गाडी आडवी. कंटाळून त्यांनी आवाज बंद केला. वर सांगितलं तसे प्रकार वेगळे असते तर कमिटी मुकी आणि फाटक बोलकं ठेवता आलं असतं. ॲपवाल्यांनी सगळं एकाच प्रकारात कोंबलेलं होतं. इथे दोष ना फोनचा ना काकूंचा, सरळ ॲप बनवणाऱ्यांचा. फाटकावरून थेट फोन लावायची सोय त्यात होती, ती चालू करून दिली. कमिटीच्या सूचना मात्र काकूंना अजूनही सायलेंटवरच हव्या आहेत.

ते ॲप टाकण्याआधी प्ले स्टोअरवर लोकांनी दिलेले तारे बघायला हवे होते, असं काकूंचा मुलगा म्हणाला. तारे मी बघितले होते, चांगले होते. प्ले स्टोअरवर २०१९ पासून अलीकडच्या मतांना जास्त वजन मिळतं, आणि २०२१ च्या शेवटापासून आपल्याला आपल्याच देशातल्या लोकांचे तारे दिसतात. हे दोन्ही बदल चांगले आहेत. ॲप बनवणाऱ्यांनाही गूगल मोजतं: ॲप मिटणं रोजच्या वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांच्या वर गेलं, किंवा बोट लावल्यावर ५ सेकंद ढिम्म राहणं ०.४७ टक्क्यांच्या वर गेलं, तर ते ॲप स्टोअरमध्ये मागे ढकललं जाऊ शकतं. पण मिटणं आणि ढिम्म राहणं मोजता येतं कारण तेव्हा माणूस समोर असतो. सहाला वाजायला हवं होतं ते सातला वाजलं, याची नोंद या दोन आकड्यांत कुठे येणार? म्हणून आता मी तारे बघतच नाही, खालची एक-एक तारेवाली मतं वाचते, आणि त्यात 'लेट', 'नोटिफिकेशन', 'अपडेट के बाद' हे शब्द शोधते. तीन-चार मतं एकाच महिन्यातली आणि एकच रडगाणं गाणारी असली की थांबते.

तुमच्या फोनवर हे सगळं करूनही सुटत नसेल तर मला तीन गोष्टी कळवा: फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचा आकडा, आणि कॅलेंडरवरच्या निदान पंधरा दिवसांच्या फुल्या. फुल्यांशिवाय आलेल्या 'कधीच येत नाही' या तक्रारीला मी उत्तर देणार नाही, आधीच सांगते.

आईने तिच्यापुरती एक सोय करून ठेवली आहे, मला न सांगता. इंदूरमध्ये सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, आमच्या गल्लीत ती पावणेसातच्या आसपास वळते. गाणं ऐकू आलं आणि तोवर गोळी घेतलेली नसली तर आई बादली बाहेर ठेवायच्या आधी गोळी घेते. तिच्या मते हे ॲप सगळ्यात चांगलं, अपडेट मागत नाही.

कालनिर्णयवर या महिन्यात एकच फुली आहे, नऊ तारखेची. त्या दिवशी आठवण सहाला बरोबर वाजली होती. गोळ्याच संपल्या होत्या.